दोष पेलेटचा की हाताचा?

नेमबाजी : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: नेम सुधारायला काय विकत घ्यावं? कुणाला पेलेट (एअर रायफलचे शिशाचे छर्रे) बदलायचे आहेत, कुणाला पुढच्या साईटची रिंग (जिच्यातून नेम धरतात ते कडं), अमेरिकेतल्या एका वाचकाला तर काडतुसं भरायचं महागडं यंत्र. आमचा आग्रह एवढाच की आधी मोजा. बंदूक आणि पेलेट मिळून किती चुकतात आणि आपण स्वतः किती चुकतो, हे दोन आकडे वेगळे झाले की काय घ्यायचं आणि काय नाही ते बरंचसं आपोआप ठरतं.

कोल्हापूरहून एक पालक : मुलगी १५ वर्षांची आहे. १० मीटर एअर रायफलमध्ये ६० शॉटना ५७८ ते ५८२ गुण पडतात. क्लबातली मोठी मुलं महागडे जर्मन पेलेट वापरतात. तिलाही घेऊन दिले तर गुण वाढतील का?

वाढतील, साधारण पावणेदोन. हिशेब मांडून दाखवतो, कारण तो इतरांनाही उपयोगी पडेल.

१० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. त्याच्या बाहेर प्रत्येक वर्तुळ २.५ मिमीच्या अंतरावर. पेलेट ४.५ मिमीचा, आणि त्याची कड रेषेला लागली तरी वरचा गुण मिळतो. दशांशात बोलायचं तर पेलेटचं केंद्र मध्यापासून पाव मिलिमीटरच्या आत असेल तर १०.९, आणि पुढे दर पाव मिलिमीटरला एक दशांश कमी. २.५ मिमीवर १०.० संपतो. ५८० गुण म्हणजे सरासरी ९.६७, म्हणजेच तुमच्या मुलीचा शॉट मध्यापासून सरासरी ३.३ मिमी दूर पडतो.

या ३.३ मध्ये बंदूक-पेलेटचा वाटा आहे आणि तिचा स्वतःचाही. पण हे दोन वाटे सरळ बेरजेने जुळत नाहीत. दोन्हींचे वर्ग करायचे, बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. त्यामुळे मोठी चूक लहान चुकीला जवळजवळ गिळून टाकते. समजा सध्याचे पेलेट पक्क्या बांधलेल्या बंदुकीतून सरासरी ०.८ मिमी विखुरतात आणि नवे ०.४ मिमी. फरक निम्म्याचा आहे, ऐकायला मोठा वाटतो. प्रत्यक्षात तिचे ३.३ मिमी फक्त ३.२३ होतात. ६० शॉटना १.७५ गुण.

हेच पेलेट ६२७ गुण मारणाऱ्या नेमबाजाला द्या. त्याची सरासरी १०.४५, म्हणजे मध्यापासून अंतर १.४ मिमी. ते १.२२ वर येतं आणि त्याला ४.४ गुण मिळतात. ज्याचा हात आधीच स्थिर आहे त्यालाच चांगल्या पेलेटचं मोल. मोठी मुलं ते वापरतात यात काही चूक नाही, पण त्यांचं कारण तुमच्या मुलीचं कारण नव्हे.

तिच्यासाठी मधल्या दर्जाचे, सपाट डोक्याचे मॅच (स्पर्धेचे) पेलेट घ्या. एकाच बॅच नंबरचे आठ-दहा डबे एकदम घ्या आणि सहा महिने बदलू नका. वाचलेले पैसे जादा सरावावर आणि प्रशिक्षकाच्या वेळेवर घाला. ६०० ओलांडल्यावर पेलेटचा विषय पुन्हा काढू.

पुण्याहून एक वाचक : आमच्याकडे बंदूक पकडायचा व्हाइस नाही. पेलेटची बॅच घरच्या घरी कशी तपासावी? आणि हेड साइज ४.४९ घ्यावा की ४.५०?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातून निघतं. डब्यावरचा ४.४९ किंवा ४.५० हा आकडा पेलेटच्या पुढच्या डोक्याचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. कुठला व्यास मानवतो हे प्रत्येक नळीचं वेगळं असतं. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन बंदुकाही वेगळा कौल देतात. शिवाय एका कंपनीचा ४.५० दुसऱ्या कंपनीच्या ४.५० शी तंतोतंत जुळेलच असं नाही. म्हणून व्यासापेक्षा बॅच नंबरला महत्त्व द्या.

व्हाइस नसला तर वाळूच्या पिशव्या चालतात. पक्कं टेबल घ्या, लटपटणारं नको. एक भरीव पिशवी फोरएंडखाली (बंदुकीच्या पुढच्या भागाखाली), दुसरी लहान पिशवी बटच्या, म्हणजे खांद्याकडच्या, टोकाखाली. नळी आणि हवेचा सिलेंडर कशालाही टेकता कामा नयेत. टेकले की शॉट सरकतो आणि तुम्ही पेलेटला दोष देता. डाव्या हाताने मागची पिशवी दाबून किंवा सैल करून रोख जुळवा, उजव्या हाताने फक्त ट्रिगर. डावखुऱ्यांनी उलट. अंतर १० मीटरच ठेवा. ५ मीटरवर ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, छान दिसतो, पण त्यातून काही ठरवता येत नाही.

सुरुवातीला सगळे स्क्रू तपासा. डायॉप्टरचा (मागच्या साईटचा), पुढच्या साईटचा, आणि नळीची यंत्रणा लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या स्टॉकला धरणारे. एक सैल स्क्रू दहा डब्यांची चाचणी वाया घालवतो.

एकाच कंपनीच्या दोन बॅच असतील तर पाच शॉट पहिलीचे, पाच दुसरीचे, पुन्हा पाच पहिलीचे, असं आलटून पालटून मारा. एका बॅचचे सगळे आधी संपवले तर दमलेल्या डोळ्यांचा भुर्दंड दुसरीला पडतो. कंपनी बदलत असाल तर मात्र आलटून पालटून चालत नाही. आधीच्या पेलेटचं शिसं आणि लेप नळीत बसलेला असतो. नव्या पेलेटचे पहिले २०-२५ शॉट मोजायचे नाहीत. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करून पुन्हा चाचणी घ्या.

मोजताना जाड कार्डाचं टार्गेट वापरा. साध्या कागदाची भोकं फाटतात. कॅलिपरने भोकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत अंतर घ्या आणि त्यातून ४.५ वजा करा. प्रत्येक बॅचचे किमान चार ग्रुप हवेत. निर्णय सरासरीवर आणि सर्वांत मोठ्या ग्रुपवर घ्यायचा. सर्वांत लहान ग्रुप योगायोगाचा असू शकतो, मोठा ग्रुप स्पर्धेतही येणार आहे. पक्क्या आधारावरून दहा पेलेटचा ग्रुप बाहेरून बाहेर, म्हणजे ४.५ वजा करण्याआधी, ६ मिमीच्या आत राहिला तर ती बॅच ठेवावी. ७ मिमीच्या वर सतत जात असेल तर आधी नळी साफ करून बघा, मगच पेलेट बदला.

नळी साफ करायला फेल्टच्या गोळ्या मिळतात. लोडिंगच्या बाजूने एकामागे एक अशा दोन घालून मारायच्या, मळ येईनासा होईपर्यंत. साधारण डब्याला एकदा पुरे. तेल घालू नका. त्यानंतरचे पाच-दहा शॉट वाया गेले असं धरून चाला.

पेलेटचं वजन करत बसण्यात आम्हाला फारसा अर्थ दिसत नाही. मॅच पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचे असतात आणि चांगल्या बॅचमध्ये वजनाचा फरक नगण्य असतो. त्यापेक्षा प्रत्येक पेलेटचा मागचा घेर, म्हणजे स्कर्ट, डोळ्यांखालून घाला. शिसं मऊ असतं. डबा पडला, पेलेट खिशात खुळखुळले, की स्कर्ट चेपतो, हवा एका बाजूने निसटते आणि नऊ शॉट एका भोकात गेल्यावर दहावा सात-आठला जाऊन बसतो. पेलेट डब्यातून मुठीने काढू नका, ओतूही नका. आणि शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, हे मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवा.

अकोल्याहून एक वाचक : एअर रायफल घ्यायला परवाना लागतो का?

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंतची नळी आणि २० जूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअर गनला परवान्याची गरज नाही. मॅच रायफल ०.५३ ग्रॅमचा पेलेट सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर वेगाने सोडते, म्हणजे ऊर्जा ८ जूलच्या आसपास. बिल जपून ठेवा आणि प्रवासात बंदूक केसमध्ये, रिकामी, कुलूप लावूनच न्या.

नाशिकहून एक नेमबाज : पहिले २०-२५ शॉट चांगले पडतात. नंतर ग्रुप हळूहळू खाली जातो आणि डावीकडेही सरकतो. मी साईट फिरवत राहतो, पण जमत नाही. सिलेंडरचा दोष असेल का?

ग्रुप खाली जाणं आणि डावीकडे जाणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. साईट फिरवून तुम्ही दोन्हींवर एकच मलम लावता आहात.

आधी खालचं बघू. सिलेंडर २०० बारपर्यंत भरतात आणि आतला रेग्युलेटर तो दाब खाली आणून ठरावीक दाबाची हवा पेलेटमागे सोडतो. सिलेंडरमधला दाब रेग्युलेटरच्या दाबाखाली गेला की प्रत्येक शॉटला वेग घटत जातो. वेग १७५ वरून १७० मीटर झाला तर १० मीटरवर शॉट एक मिलिमीटर खाली येतो, म्हणजे चार दशांश. तुमच्या बंदुकीच्या पुस्तिकेत किमान दाब दिलेला असतो. सराव सुरू करताना आणि ग्रुप खाली गेला त्या क्षणी, असा दोनदा गेजवरचा आकडा वहीत लिहा. तीन दिवस लिहिलात की दोष सिलेंडरचा आहे की नाही ते कळेल. दाब पुरेसा असूनही ग्रुप खाली जात असेल तर सिलेंडर निर्दोष आहे.

भरताना घाई करू नका. जोरात भरलं की हवा तापते, गेज २०० दाखवतं आणि थंड झाल्यावर दाब उतरतो. हवा कोरडी हवी, कॉम्प्रेसरचा फिल्टर वेळेवर बदललेला हवा, आणि जोडणीला तेल-ग्रीस मुळीच लागू देऊ नका. उच्च दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. सिलेंडरवर कोरलेली तारीखही बघा. दहा वर्षं उलटलेला सिलेंडर आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमात बसत नाही.

आता डावीकडचं. आमचा अंदाज असा की तुमच्या शरीराचा नैसर्गिक रोख, ज्याला रेंजवर सगळे एनपीए म्हणतात, पंचविसाव्या शॉटपर्यंत हललेला असतो. हाडांवर बंदूक टेकवून सगळे स्नायू सैल सोडले की नळी आपोआप जिथे बघते तो एनपीए. तो टार्गेटच्या उजवीकडे किंवा डावीकडे असेल तर तुम्ही खांद्याने, मनगटाने बंदूक ओढून मध्यावर आणता. ट्रिगर सुटायच्या क्षणी स्नायू जरा ढिले पडतात आणि नळी आपल्या मूळ जागी निघते. साईटमध्ये चित्र नेमकं होतं, शॉट मात्र बाहेर.

तपासायची पद्धत अशी. उभ्याची पोझिशन घ्या, डावी कोपर कमरेच्या हाडावर बसवा, गाल नेहमीच्या दाबाने चीकपीसवर टेकवा. डोळे मिटा. दोन श्वास घ्या, दुसऱ्या उच्छ्वासात खांदे सैल सोडा. डोळे उघडा. टार्गेटचा काळा गोळा पुढच्या साईटच्या रिंगमध्ये मधोमध नसेल तर हात हलवायचे नाहीत. आडवा फरक असेल तर मागचा पाय बोटभर सरकवा: मागचा पाय मागे नेला की नळी एका बाजूला जाते, पुढे आणला की दुसऱ्या. उभा फरक असेल तर दोन पायांतलं अंतर थोडं कमी-जास्त करा, किंवा डाव्या हाताचा आधार मुठीवरून बोटांवर न्या. पुन्हा डोळे मिटा. तीनदा लागोपाठ गोळा मधोमध सापडला की मगच पेलेट घाला.

हे फक्त सुरुवातीला करून भागत नाही. दर दहा शॉटनंतर करा, आणि टेबलावरून पाणी प्यायला वळलात तर परतल्यावर आधी हेच करा. पायांभोवती जमिनीवर खडूने रेघ मारून ठेवली तर सरावात पाय किती सरकतात ते दिसतं. रेघेबाहेर टाच गेली आणि त्याच वेळी शॉट डावीकडे गेले, की शंका उरत नाही. कमरेचा थकवाही तपासा: तासाभराने कंबर पुढे ढळते, कोपर हाडावरून घसरून पोटावर येते आणि बंदूक स्नायूंच्या ताकदीवर राहते. ६० शॉटना ७५ मिनिटं असतात. दर १५ शॉटनंतर बंदूक स्टँडवर ठेवून दोन मिनिटं बसायला भरपूर वेळ आहे, तो वापरा.

साईट कधी फिरवायची? एकट्या शॉटवर कधीच नाही. पाच शॉट एका बाजूला, साईटमध्ये चित्र चांगलं आणि एनपीए तपासलेला, तरच. आपल्या डायॉप्टरची एक क्लिक किती मिलिमीटर हेही माहीत हवं. पिशव्यांवरून पाच शॉट मारा, २० क्लिक एका दिशेने, पुन्हा पाच शॉट. दोन ग्रुपच्या मध्यांतलं अंतर भागिले २०. हा आकडा केसच्या झाकणावर चिकटवून ठेवा.

सांगलीहून एक वाचक : पुढच्या साईटमधली रिंग किती मिलिमीटरची घ्यावी? लहान रिंगने नेम जास्त नेमका लागतो असं ऐकलं आहे.

अनुभव उलटा आहे. रिंग काळ्या गोळ्याला घट्ट बसली की बारीकसं हेलकावणंही मोठं दिसतं, नेमबाज घाबरतो, थांबून राहतो आणि शेवटी ट्रिगर हिसकतो. काळा गोळा ३०.५ मिमीचा. पुढची साईट डोळ्यापासून ८५ सेंटीमीटरवर असेल आणि रिंग ३.८ मिमीची, तर गोळा रिंगच्या दोनतृतीयांश भाग व्यापतो. नवख्याने यापासून सुरुवात करावी, गरज पडली तर ४.० किंवा ४.२ वर जावं. मागच्या आयरिसचं, म्हणजे डायॉप्टरमधलं, भोक साधारण १.१ मिमी ठेवा, अंधाऱ्या रेंजवर जरा मोठं. नेम न धरणारा डोळा मिटू नका; त्याने चेहरा आवळतो. डायॉप्टरला दुधी रंगाची पट्टी लावून तो डोळा उघडा ठेवा. चष्मा असेल तर नेत्रतज्ज्ञाला सांगा की मला लांबचं टार्गेट नव्हे, पुढची साईट स्वच्छ दिसायला हवी.

साताऱ्याहून एक वाचक : ५० मीटरला जायचा विचार आहे. .२२ ची मॅच काडतुसं फार महाग पडतात. परदेशात लोक काडतुसं घरी भरतात, तसं .२२ चं करता येईल का?

नाही, आणि कारणं दोन आहेत. .२२ हे रिमफायर काडतूस आहे. ठिणगी पाडणारं मिश्रण केसच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) तळाच्या दुमडीत, म्हणजे रिममध्ये, गोल फिरवून बसवलेलं असतं आणि पिन त्या दुमडीला चेपते. एकदा चेपलेली दुमड पुन्हा वापरता येत नाही. हातभरणी होते ती सेंटरफायर काडतुसांची, ज्यांत ठिणगीची टिकली तळाच्या मधोमध वेगळी बसवलेली असते. दुसरं कारण कायद्याचं: शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. तो विचार सोडून द्या.

हातभरणीने जे साधतात ते .२२ मध्ये लॉट (एकाच वेळी बनलेल्या काडतुसांची बॅच) निवडून साधायचं. ही काडतुसं मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली, साधारण ३२० ते ३३० मीटर वेगाने जातील अशी बनवतात, म्हणजे वाटेत ध्वनिवेगाची सीमा ओलांडताना गोळी डळमळत नाही. याच दोन आकड्यांत ५० मीटरवर उभा फरक सुमारे ७ मिमीचा पडतो, आणि दहाचं वर्तुळ आहे १०.४ मिमीचं. एकाच लॉटमध्ये वेग समान असणं किती महत्त्वाचं हे यावरून दिसेल.

वारा नसताना, शक्यतो पहाटे, लॉट तपासा. गोळीवरचं मेण कंपनीगणिक वेगळं असतं, म्हणून ब्रँड बदलल्यावर १५-२० गोळ्या सोडून द्या. मग प्रत्येक लॉटचे दहा-दहाचे किमान दोन ग्रुप मारा. ग्रुप उभा लांबट आला तर वेगात चढउतार आहे, तो लॉट सोडा. गोल पण मोठा आला तर तो लॉट नळीला मानवत नाही. पसंत पडला की त्याच लॉटच्या वर्षभराच्या पेट्या एकदम मागवा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. मेण पातळ होऊन गोळीवरून उतरतं. वजन करून निवडण्यापेक्षा स्वस्त काडतुसांत रिमची जाडी मोजून निवडणं बरं. त्याने चुकार शॉट थोडे कमी होतात, ग्रुप मात्र लहान होत नाही.

आणि वारा. आडवा वारा सेकंदाला एक मीटर असला, म्हणजे जेमतेम गालाला जाणवणारा, तरी गोळी ५० मीटरवर सुमारे अर्धा सेंटीमीटर सरकते. झेंडी बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा आणि वहीत लिहा: झेंडी अशी, शॉट तसा.

लॉट कितीही चांगला असला तरी त्याची मर्यादा लक्षात ठेवायला एक उदाहरण पुरेल. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनच्या फायनलला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकलं. गुडघ्यावरच्या १५ शॉटना १५३.३, प्रोनच्या (पालथं झोपून मारलेल्या) १५ ना १५६.८, उभ्याच्या १४ ना १४१.३. बंदूक तीच, आणि सरासरी प्रोनला १०.४५, गुडघ्यावर १०.२२, उभ्याने १०.०९. जगातल्या पहिल्या तिघांतल्या नेमबाजालाही शरीर जमिनीवरून उठलं की शॉटमागे साडेतीन दशांश मोजावे लागतात. म्हणून .२२ घेतल्यावर प्रोनचे सुंदर ग्रुप पाहून हुरळून जाऊ नका. सरावाचा निम्मा वेळ उभ्याला द्या.

ह्यूस्टनहून एक मराठी वाचक : इथे परवानगी असल्यामुळे .३०८ ची काडतुसं स्वतः भरतो. १०० यार्डांवर तीन गोळ्यांचा ग्रुप कधी पाऊण इंच येतो, कधी दीड. अधिक महागडं यंत्र आणि अचूक तराजू घ्यावा का?

अजून नको. तुमच्या मोजण्यातच दोष आहे. तीन गोळ्यांचा ग्रुप फार लबाड असतो. एकाच काडतुसाचे, एकाच हाताने मारलेले दोन ग्रुप एकमेकांच्या दुप्पट निघाले तरी त्यात काही बिघडलेलं नसतं. तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी एक इंच असेल तर दहाचा साधारण १.६ इंच येतो, आणि तुमच्या रायफलची खरी ओळख तोच आहे. पाऊण इंचवाला चार्ज (दारूचं माप) वहीत "उत्तम" आणि दीडवाला "टाकाऊ" असं लिहून ठेवलं असेल तर ती पानं बाजूला ठेवा आणि प्रत्येकाचे दहा-दहा शॉट मारून पुन्हा लिहा. कारखान्यात बनलेल्या मॅच काडतुसांचेही दहा शॉट मारा. तुलनेला एक पक्का खुंटा हवा.

मग केसकडे वळा. एका कंपनीच्या, एका लॉटच्या, सारख्या वेळा वापरलेल्या केसेस एकत्र ठेवा. बोल्ट रायफलसाठी साइझिंग करताना, म्हणजे केस पुन्हा मापात दाबताना, तिचा खांदा (मानेखालचा उतार) ०.००१ ते ०.००२ इंचच मागे ढकला. हे गेजने मोजायचं, डाय (दाबायचा साचा) तळाला टेकेपर्यंत पिळायची नाही. जास्त मागे ढकललेली केस प्रत्येक शॉटला ताणली जाते आणि तळाजवळ पातळ होते. तळाच्या थोडं वर चकचकीत कडं दिसलं, किंवा टोक वाकवलेली तार आतून फिरवताना खाच लागली, तर ती संपूर्ण बॅच फेका. लांबी २.०१५ इंचांपुढे गेली की २.००५ वर कापा. मानेची पकड सारखी येण्यासाठी आतून ब्रश फिरवा.

दारूच्या बाबतीत कंपनीच्या छापील तक्त्यातला सुरुवातीचा, म्हणजे कमीत कमी चार्जच पहिला, आणि वर जाताना प्रत्येक पायरीला प्रायमर (ठिणगीची टिकली) सपाट होतो का, बोल्ट उचलायला जड जातो का ते बघा. एकही खूण दिसली की तिथेच थांबा, तक्त्यात वरचा आकडा असला तरी. बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा हवा. गोळ्या बसवण्याआधी ट्रेमधल्या सगळ्या केसेसमध्ये विजेरीने डोकावून पातळी बघा. दुप्पट पडलेली आणि रिकामी राहिलेली दोन्ही तिथेच सापडतात. गोळीची खोली बदलून बघायची तर ०.०१० इंचाच्या पायऱ्यांनी, मॅगझिनमध्ये मावेल एवढ्यातच. गोळी रायफलिंगला (नळीतल्या पेचदार खाचांना) टेकवली की दाब वाढतो, तेव्हा तिथे जायचं असेल तर चार्ज पुन्हा खालून सुरू करा.

अचूक तराजूचा फायदा वेग समान करण्यात आहे. ३० फूट प्रति सेकंदाचा फरक १०० यार्डांवर इंचाच्या सोळाव्या भागाइतकाच दिसतो, ६०० यार्डांवर सुमारे ३ इंच. तुम्ही १०० वरच मारत असाल तर त्या पैशांच्या गोळ्या घ्या आणि बाकावरून उठून प्रोनमध्ये मारायला शिका.

नागपूरहून एक विद्यार्थिनी : रेंज आठवड्यातून दोनदाच मिळते. घरी ड्राय प्रॅक्टिसने खरंच फरक पडतो का? किती करावी?

पडतो. ड्राय प्रॅक्टिस म्हणजे पेलेट न घालता केलेला सराव. शॉटचा धक्का आणि गुणांचा आकडा नसल्यामुळे ट्रिगर सुटताना रिंग कुठे हलली ते फक्त ड्राय प्रॅक्टिसमध्येच स्वच्छ दिसतं. मॅच एअर रायफलला त्यासाठी वेगळी खटकी असते. ती लावली की ट्रिगर सुटतो, पण हवा जात नाही. आधी नळी रिकामी असल्याची खात्री, पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत. भिंतीवर अंतराच्या प्रमाणात लहान केलेलं टार्गेट लावा: ५ मीटर मिळत असतील तर काळा गोळा १५ मिमीचा, डोळ्याच्या उंचीला. जाकीट-पँट घालूनच करा.

रोज ३० ते ४० मिनिटं, ४० शॉट पुरे. पहिले दहा कोऱ्या भिंतीकडे, टार्गेटशिवाय, फक्त ट्रिगरचा पहिला टप्पा घेऊन थांबणं आणि दुसरा हळूच सोडणं. पुढचे ३० टार्गेटवर. सुटल्यावर दोन सेकंद डोळा साईटवरच ठेवा आणि रिंग कुठे होती ते मोठ्याने सांगा: "तीनला", "मध्यात", "सातला". घड्याळाचे आकडे वापरा. आठ सेकंदांत ट्रिगर सुटला नाही तर बंदूक खाली घ्या. ओढून ताणून सोडलेला शॉट मोजू नका. रेंजवर गेल्यावर हीच सवय ठेवा, शॉट सांगून मग स्क्रीन बघा. सांगितलेली दिशा आणि पडलेला शॉट दहापैकी आठ वेळा जुळायला लागले की साईट, पेलेट आणि सिलेंडर तपासण्यात अर्थ आहे. तोपर्यंत ती यादी बाजूला ठेवा आणि घरी रोजचे ४० चालू ठेवा.